तात्या एक्स्पायर झाले

खिडकीजवळचं टेबल मिळालं तर चुळबुळ्याचा फायदा असा: उजेड, वारा आणि मुख्य म्हणजे स्वच्छतागृहाच्या दारापासून सुटका. सध्याचं त्याचं टेबल त्या दाराला खेटून होतं. येणारा-जाणारा त्यालाच विचारी, "आत कोणी आहे का हो?" खिडकीशी तात्या बसत. ते महिनाअखेरीस निवृत्त होणार होते, पण त्या जागेवर आणखी दोघांचा डोळा होता. त्यामुळे चुळबुळ्याचं बूड टेकेना.

तेवढ्यात गेटवरून वॉचमनचा फोन आला.

"तात्या एक्स्पायर झालेत."

दूध, औषध, विमा आणि माणूस, सगळ्यांना पुरून उरणारा शब्द. चुळबुळ्याने त्यातला माणूस उचलला.

"अरेरे. कुठे?"

"इथंच, गेटवर. बाजूला बसवून ठेवलंय."

"बसवून?"

"उभं किती वेळ ठेवणार? वय झालंय. साहेबांच्या सहीशिवाय सोडता येत नाही."

"शेवटचं काही बोलले?"

"बोलले की. मला शिव्या घातल्या."

चुळबुळ्याने साहेबांना बातमी दिली आणि ते केबिनमधून बाहेर येईपर्यंत दोन्ही टेबलांच्या खणांची अदलाबदल उरकलीसुद्धा.

"खाली जाण्याआधी कुणीतरी दोन शब्द बोला," साहेब म्हणाले.

हा मान अर्थातच खिडकीवाल्याचा. चुळबुळ्याने गळा दाटवला. "तात्यांशिवाय हे ऑफिस एक दिवस चालायचं नाही. त्यांच्या जागी बसायची आमची कुणाची लायकी नाही." दोघे प्रतिस्पर्धीही डोळे पुसू लागले.

दार उघडलं. तात्यांचा दंड धरून वॉचमन आत आला.

"साहेब, यांचं कार्ड एक्स्पायर झालंय. मशीन आत सोडेना. मुदत किती टाकू?"

साहेबांनी आधी खुर्चीचा आधार घेतला, मग पाण्याचा.

"महिनाअखेरपर्यंत टाक रे," तात्या म्हणाले. "पुढे मी मोकळाच."

साहेब चुळबुळ्याकडे वळले. "आत्ता काय म्हणालात? एक दिवस चालायचं नाही?"

"तसं बोलायची पद्धत असते, साहेब."

"दोन वर्षं टाका. तात्या, तुम्हाला सोडत नाही आम्ही."

तात्यांनी आपला खण ओढला. आत चुळबुळ्याचा कंगवा होता. "माझं सामान बरंच लवकर हललं म्हणायचं."

वॉचमनला शिव्या मिळाल्या, तात्यांना दोन वर्षं. चुळबुळ्या आपले खण उचलून जुन्या जागी टेकला, तोच कुणीतरी वाकून विचारलं, "आत कोणी आहे का हो?"

"नाही, जा," तो म्हणाला. "मी आहे इथंच. दोन वर्षं."