बिनशिक्क्याची कर्णफुलं

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात मी स्टोअर सांभाळतो. तिथे नटापासून पंख्यापर्यंत प्रत्येक वस्तूवर नंबर आणि शिक्का. वीस वर्षं शिक्के वाचल्यावर, ज्यावर शिक्काच नाही अशा वस्तूवर माझा जीव जडला, यात नवल ते काय? म्हणून मी जुने दागिने जमवायचं ठरवलं. घडवणाऱ्याची खूण नसलेला दागिना म्हणजे खरा दुर्मीळ, असा माझा सिद्धांत आहे. (तो मोबाइलवरचे तीन व्हिडिओ बघून तयार झाला, तेही जेवताजेवता.)

द्वारका चौकाजवळ भिकाशेठचं जुन्या भांड्यांचं दुकान आहे. तिथे चांदीची एक काळवंडलेली जोडी हाती लागली. पानाच्या आकाराची, मधे गोल, कडेला बारीक रेघा.

"शिक्का?" मी विचारलं.

"नाय साहेब."

"कुणाची घडण?"

"काय माहीत? चांदी आहे, एवढं खरं."

अशा प्रामाणिक माणसाशी घासाघीस कसली करायची? सोनाराकडून मागे कानात अडकवायचे आकडे लावून घेतले आणि जोडी बायकोपुढे, हर्षालीपुढे ठेवली.

"कर्णफुलं आहेत. मत्स्याकृती. हा मधला सूर्य, हे किरण."

"माशात सूर्य कसा?"

"जुनी माणसं खोल विचार करायची," मी म्हणालो. तिने टूथपावडरने घासून जोडी लख्ख केली.

तिचा भाचा योगेश, त्याचा पिंपळगाव बसवंतला साखरपुडा होता. योगेशची आई म्हणजे मोहिनीवहिनी. दर कार्यात नवा दागिना घालून येते आणि हर्षालीला म्हणते, "तुला बाई साधंच छान दिसतं." यंदा ते वाक्य ऐकायचं नाही, एवढंच हर्षालीने मनाशी धरलं होतं.

मांडवात सुरुवात झकास झाली. बायका तिच्या कानांकडे बघतच राहिल्या. दोन म्हाताऱ्यांनी तर हात जोडले. "बघ, जुन्या वस्तूला मान असतो," मी कुजबुजलो. हर्षाली नवरीपेक्षा जास्त मिरवत होती.

मग तिची धोंडाबाईआत्या आली आणि तिने हर्षालीचा कान धरून निरखून पाहिलं.

"पोरी, देवीला वाहायचे नवसाचे डोळे तू कानात कशापायी घातले?"

मी पाहिलं. सूर्य म्हणजे बुबुळ. किरण म्हणजे पापण्या. माझ्या बायकोला चार डोळे होते आणि त्यातले दोन मी घेऊन दिले होते. मोहिनीवहिनीने पदर तोंडाला लावला. हर्षालीचा चेहरा उतरला, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

पण ती कसली गप्प बसतेय. "विसरायला नको म्हणून घातले, आत्या. आजच वाहायचेत. यांच्यासाठी बोलले होते."

सगळा मांडव माझ्याकडे वळला.

"जावईबापूंना दिसत नाय?" आत्याने विचारलं.

"जेमतेम," हर्षाली म्हणाली.

त्यानंतर मला खुर्ची शोधावी लागली नाही. दोघांनी दंडाला धरून बसवलं. पंगतीत धाकटा मेहुणा महेश शेजारी बसून सांगू लागला, "दाजी, उजवीकडे वरण, डावीकडे लोणचं, समोर दोन जिलब्या." (वाढल्या होत्या चार. पण मी बोलणार कसा?)

दुपारी अर्धा मांडव आम्हाला घेऊन देवळात निघाला. मोहिनीवहिनीने स्वतः नारळ आणला. "नवऱ्यासाठी एवढं कोण करतं गं?" ती म्हणाली, आणि हर्षाली अशी खुलली की मला चारही जिलब्या मिळाल्यासारखं वाटलं. तिने कानातले डोळे देवीपुढे ठेवले, स्वतःचे मिटले आणि बराच वेळ काहीतरी मागत राहिली.

बाहेर येताना मी हळूच विचारलं, "खोट्या नवसाला एवढा वेळ?"

"खोटा कुठला? पापण्यांना किरण म्हणणाऱ्या माणसासाठी अगदी मनापासून मागितलं."

आम्ही दोघंही खो खो हसत सुटलो. त्या नादात माझी पायरी चुकली आणि मी थेट चपलांच्या ढिगात जाऊन बसलो.

धोंडाबाईआत्याने मला उठवलं, धूळ झटकली आणि हर्षालीच्या पाठीवर हात ठेवला.

"आजार लय जुना दिसतोय, पोरी. गुण यायला वेळ लागंल."