पाद्रीबाबांचे मुक्कामी लोक

आमच्या शेजारचे पाद्रीबाबा मेलेल्या माणसाबद्दल 'वारले' असं कधी म्हणत नसत. 'मुक्कामी आहेत' म्हणत.

हे मला पहिल्यांदा कळलं ते भज्यांच्या बशीवर. स्टील प्लांटमधून रिटायर होऊन आम्ही दुर्गजवळच्या स्मृती नगरात नवीनच राहायला आलो होतो. रेव्हरंड सोनटक्के शेजारी एकटेच राहायचे. मूळचे अचलपूरकडचे, अँग्लिकन वळणाचे पाद्री, वय सत्तरीच्या पुढे. ओळख करून घ्यायला आले, दोन भजी खाल्ली आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवून सहज म्हणाले, "मेश्रामजी, तुमच्या शेगडीखाली एक इंग्रज सर्वेवाला मुक्कामी असावा. जुन्या नकाशात खूण हाये. माणूस सज्जन हाये, तरास नाई देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेगडी समोरच्या भिंतीला गेली होती. गॅसचा पाइप तिथवर पुरेना, म्हणून चार दिवस आमचा स्वयंपाक व्हरांड्यात झाला. "त्या बुढ्याले पुन्हा घरात घेतलं तर पाहा," बायको म्हणाली. आठ दिवसांनी तीच त्यांना डब्यातून झुणका पाठवू लागली, ते सोडा.

पाद्रीबाबा इतिहासकार होते. छत्तीसगडातल्या जुन्या थडग्यांचा इतिहास लिहीत होते. एका लहानशा मासिकात त्यांची प्रवासवर्णनंही यायची. लोक बस्तरचे धबधबे लिहितात, हे कबरस्तानं लिहायचे आणि प्रत्येकाखाली जवळ चहा कुठे चांगला मिळतो ते. 'स्मृती नगर ते दुर्ग' हे त्यांचं वर्णन दोन अंकांत आलं. पहिल्या अंकाअखेर ते शेजारच्या जुनवानीलाच पोचले होते.

शिस्तही भारी. माझ्या शर्टाचं वरचं बटन उघडं दिसलं की म्हणायचे, "मेश्रामजी, नियम म्हंजे नियम." घरात बसून कोणाशी तरी बोलायचे तेही पुस्तकी, स्पष्ट. भिंतीपलीकडून मला त्यांचा प्रश्न ऐकू यायचा, मग शांतता, मग "बरोबर". घरात दुसरं कोणी नसायचं.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी, भर दुपारी, ते एकटे स्कूटरवर कुठेतरी जायचे. त्या जागेबद्दल त्यांनी एक ओळही लिहिली नव्हती. या उन्हाळ्यात त्यांची नजर फारच गेली, तेव्हा फाटकाशी येऊन म्हणाले, "मले घेऊन चालता का? विचारू नका मात्र काई."

दुर्गच्या पलीकडे, जुन्या रेल्वेलाइनजवळ ती जागा होती. पडकी भिंत, आत दहा-बारा थडगी, चिंचेचं एक झाड. वारा अजिबात नव्हता. पाद्रीबाबा आत गेलेच नाहीत. भिंतीला बाहेरून वळसा घालून ते एका उंचवट्याजवळ थांबले. वर चार दगड, नाव नाही. टोपी काढून खाली बसले आणि म्हणाले, "हं. सुरू कर."

मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

त्यांनी मान कलती केली. ओठ हलू लागले, कोणाच्या तरी मागोमाग म्हणत असल्यासारखे. "हं... मंग?" मध्येच हसले. "नाई, ते नंतर येते. पुन्हा म्हन." चिंचेतली किड्यांची किरकिर एकदम बंद पडली. प्लांटमध्ये पेटत्या भट्टीसमोर मी कधी मागे सरलो नाही, त्या दुपारी दोन पावलं सरलो.

"फादर, कोनाशी बोलून राहिले तुमी?"

"फुलबासनशी," ते म्हणाले. "मी नवा पाद्री होतो. ती माझ्याइथं सयपाक करे. तिले बाप्तिस्मा पायजे होता. त्याच्याआधी धर्माची प्रश्नोत्तरं तोंडपाठ म्हना लागते. बिचारी रोज म्हने, रोज एकाच जागी अडखळे अन् हसे. मी म्हनो, पुढच्या रविवारी. असे कितीक रविवार गेले."

"मंग?"

"मंग ताप आला तिले. दोन दिवसांत गेली."

'गेली' हा शब्द त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"बाप्तिस्मा नाई तर प्रार्थना नाई, आत जागाबी नाई. नियम म्हंजे नियम. कोनी मले सांगतलं नव्हतं, मेश्रामजी. मीच म्हनलो. तिचा भाऊ हात जोडून उभा होता, इथं, जिथं तुमी हाये. मी पुस्तक बगलेत दाबलं अन् घरी गेलो."

मी त्या जागेवरून बाजूला झालो.

"पुढच्या आठवड्यात पुतन्या अमरावतीले नेते मले. मंग हिचा पाठ कोन घेईन?" त्यांनी खिशातून लहानसं, काळ्या पुठ्ठ्याचं मराठी प्रार्थनेचं पुस्तक काढलं. उंचवट्याकडे वळून म्हणाले, "झालं, बाई. पास झाली तू."

उभं राहून त्यांनी दफनाच्या वेळची प्रार्थना सुरू केली. दोन ओळी पाठ होत्या. तिसरीला त्यांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं, मग पुन्हा जवळ. अक्षर लागेना. त्यांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं.

"फादर, मी बौद्ध आहो. मले यातलं काई येत नाई."

"वाचता येते ना?"

मी वाचू लागलो. जुनं, जड मराठी. आमच्या घरी तसं कोणी बोलत नाही. अर्ध्या पानावर एका शब्दाशी मी अडलो. एकदा म्हटला, चुकला. पुन्हा म्हटला, पुन्हा चुकला. ओशाळून वर पाहिलं.

पाद्रीबाबांचे डोळे भरले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"वाचा, मेश्रामजी," ते म्हणाले. "चुकलं तरी चालते."