तारुण्याचं विरजण

रात्री एक वाटी दही जास्त खायचं मी ठरवलं, एवढाच माझा गुन्हा.

आमची ही, म्हणजे शुभा, मुलीच्या बाळंतपणासाठी हैदराबादला गेली होती. गंधालीला ऑफिसमुळे इथे येणं जमेना, म्हणून आईच तिकडे गेली. मुलुंडच्या घरात उरलो मी आणि शुभाच्या सूचना. त्यातली सगळ्यात कडक सूचना विरजणाची. "हे माझ्या आईकडचं विरजण आहे. आई गेली, तिचं घर विकलं, आता एवढंच राहिलंय. रोज दही लावायचं आणि चमचाभर बाजूला ठेवायचं. विसरलात तर बघा!"

रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल व्हायचा. त्यात नात दिसायची, नातीचं जावळ दिसायचं, छताचा पंखा तर हमखास दिसायचा. शुभाचा मात्र नुसता कान आणि कानातली कुडी. ("बघितलंत, कशी जांभई देते?" असं तो कानच मला विचारायचा.) तिला बघायला माझा जीव आसुसायचा. त्याहून खरं सांगायचं तर तिनं एकदा माझ्याकडे नीट बघावं असं वाटायचं. लग्न ठरल्यावर बघायची ना, तसं.

अशातच सकाळी फिरायला येणारा माझा मित्र धोंडिराम म्हणाला, "दही खा रे विद्याधर! त्यातले बॅक्टेरिया म्हणजे अँटिऑक्सिडंट. शरीराला गंज चढू देत नाहीत. म्हातारपण आहे तिथे थांबतं. माझ्याकडे बघ ना!"

मी बघितलं. (थांबलं होतं खरं, पण बरंच उशिरा.) तरी शुभा परत येईल तेव्हा दारात तरणाबांड नवरा उभा असावा, ही कल्पना काही डोक्यातून जाईना. एका वाटीच्या दोन वाट्या झाल्या. मग वाटलं, हे बॅक्टेरिया पोटातून चेहऱ्यापर्यंत पोचणार कधी? त्यापेक्षा त्यांना थेट तोंडावरच उतरवावं.

एका संध्याकाळी तोंडाला दह्याचा जाड थर फासून मी स्वयंपाकघरात गेलो. दूध कोमट केलं, विरजणासाठी भांडं उघडलं, तर भांडं लख्ख! बाजूला ठेवायचा तो चमचाभरही माझ्या डाव्या गालावर होता. म्हटलं, वाट लागली. सासूबाईंची शेवटची आठवण माझ्या गालावर वाळत होती.

मी चमच्यानं गाल खरवडला आणि निघालं ते दुधात सोडलं. दुधाला आफ्टरशेव्हचा वास यायला लागला. वर मिशीचा एक केसही तरंगला. (पांढरा.) ते दूध ओतून दिलं आणि तसाच समोरच्या फ्लॅटमधल्या चेतनाकडे धावलो.

"काका! तोंडाला काय झालं?"

"ते सोड, थोडं विरजण दे गं. पण थांब, दिवेलागण झाली ना? शुभा म्हणते, तिन्हीसांजेला विरजण देत नाहीत, घेतही नाहीत."

"आमच्याकडे असलं काही मानत नाहीत. तुम्ही आधी आत या बघू, लिफ्टमधून लोक बघतायत."

तिनं वाटीभर दही दिलं. "शुभाला सांगू नकोस हं," मी गयावया केली. "छे, मी कशाला सांगू?" असं म्हणत ती ओढणीआड हसली. त्या दिवसापासून ते विरजण मी तान्ह्या पोरासारखं जपलं. पण शुभाला ते ओळखू येईल या धास्तीनं घास उतरत नव्हता.

शेवटी शुभा आली. मी इस्त्रीचा शर्ट घालून, सकाळीच दह्यानं तोंड चोपडून, धुऊन दारात उभा होतो. तिनं तुळस बघितली, ओटा बघितला, पंख्यावरची धूळ बघितली. मग फ्रीज उघडून बोटभर दही चाखलं आणि तिचे डोळे भरून आले.

"अगदी आईच्या हातचं! सांभाळलंत हो."

मला राहवेना. "शुभा, आईचं विरजण मी खाल्लं गं. उरलं ते तोंडाला फासलं. हे चेतनाकडचं आहे."

ती हसत सुटली. इतकी, की खुर्ची धरून बसली. "अहो, आईचं विरजण मी जाताना चेतनाकडेच ठेवलं होतं! तुमच्या भरवशावर सोडीन होय? तुम्हाला दिलं ते कोपऱ्यावरच्या डेअरीतलं."

"मग मला कशाला कामाला लावलंस?"

तिचा आवाज हळू झाला. "दही लावताना तरी रोज माझी आठवण काढाल, म्हणून."

"दिवसभर काढायचो," मी म्हणालो.

"आणि हे तारुण्य कुणासाठी चाललं होतं?"

"तुझ्यासाठीच. म्हटलं, एकदा तरी नीट बघशील."

शुभानं डोळे पुसले, चष्मा चढवला आणि जवळ आली. माझा चेहरा हातात धरून ती बघत राहिली. याच नजरेसाठी मी इतके महिने झुरलो होतो. मी पोट आत घेतलं, श्वास रोखला.

"अहो," ती अगदी हळूच म्हणाली, "कानामागे दही वाळलंय."