प्रश्नाआधीचा कौल

आमच्या शेजारचे दामूकाका भाजी भेंडीची करायची की वांग्याची, हेसुद्धा देवाला विचारून ठरवत. काळ्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने एकेक जास्वंदीची पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि हात जोडून बसायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एकदा दाढ दुखत होती, तर देवाने तीन दिवस डावाच कौल दिला. काका सुजलेला गाल घेऊन पनवेलभर हिंडले, पण डॉक्टरकडे गेले नाहीत.

"काका, देवाला सगळं आधीच माहीत आहे, मग विचारता कशाला?"

"त्याला ठावं हाय, मना नाय."

"आणि तुमच्या मनाचं काही?"

"आपुन ठरवायचं नाय!" हे त्यांचं पालुपद. हाच माणूस जासईच्या यार्डात तीस वर्षं क्रेनने कंटेनर उचलत होता, यावर विश्वास बसत नसे.

एका दुपारी मी लिंबू मागायला गेलो. पंखा बंद, खिडक्या बंद. काका पाकळ्या चिकटवून पाटावर बसत होते. त्यांनी तोंड उघडण्याआधीच उजवी पाकळी पडली. चिमटीत धरून कुणी खाली ठेवावी, तशी. मला तिचा आवाजही आला. पाकळीला आवाज नसतो, हे मागाहून लक्षात आलं.

"तुमी काय इचारलंत?" काका माझ्याकडे वळले.

"मी? काहीच नाही."

"मी पन नाय."

मग अकरा वर्षांपूर्वीचं सांगू लागले. शेवंताकाकूंना, त्यांच्या बायकोला, त्या दिवशी कणकण होती. बहिणीकडे उरणला जायचं नव्हतं. "मीच बोललो, जा, बरं वाटंल." वाटेत रिक्षाला ट्रेलरने उडवलं. काकू जागीच गेल्या.

"लिवलेलं व्हतं, का मी धाडली? येवढंच इचारायचं व्हतं. हिंमत नाय झाली. आज त्यानं आधीच हो दिलान. आता सवाल मना ठरवायचा."

"मग विचारा ना, लिहिलेलं होतं का!" मी घाईने म्हणालो. "उत्तर तर मिळालंच आहे. सुटाल."

काकांनी मूर्तीकडे पाहिलं. "त्याच्यावर टाकू? मंग रोज फुलं कोनाला वाहू?"

त्यांनी हात जोडले. "देवा, मीच धाडली ना तिला?"

दुसऱ्या पाकळीची वाट न बघता ते उठले. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून टांगलेला एक फोटो होता. तो त्यांनी सुलटा केला. शेवंताकाकूंना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.