झिपरोजीचं पथ्य आणि कणाजीचे पाय

तर बाळांनो, एका जंगलात मधाला तोटा नव्हता. तिथले सरपंच म्हणजे झिपरोजी अस्वल. ते सकाळी एक पोळं खात, दुपारी एक, आणि मधल्या वेळी तोंड गोड करायला आणखी एक.

एकदा त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. तीन दिवस त्यांना पत्ताच नाही! चौथ्या दिवशी पाय भोपळ्यासारखा सुजला, तेव्हा डॉक्टर साळूबाईंना बोलावणं गेलं. त्या जातीच्या साळिंदर. सुया अंगावरच असायच्या.

त्यांनी रक्त तपासलं. "सरपंचसाहेब, साखर फार वाढलीय. केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात ना, त्या खराब होतायत. पायातल्या, डोळ्यातल्या. मध बंद करा आणि रोज चाला."

"कशावरून?" झिपरोजी गुरगुरले. "आधी दुसऱ्या कुणावर करून बघा."

दुसरं कुणी म्हणजे कोण, हे सगळ्या जंगलाला ठाऊक होतं. कणाजी उंदराची या प्रयोगासाठी 'मॉडेल' म्हणून निवड झाली. त्याची बायको दाणाबाई हरखून गेली.

"अगं बाई, मॉडेल! अहो, मिशा तरी विंचरून जा."

आधी साखर वाढावी म्हणून कणाजीला रोज मध मिळू लागला. पहिला महिना मजेत गेला. मग सारखी तहान लागू लागली. एका संध्याकाळी तो घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला, "दाणा, तू पुसट दिसतेस गं."

दाणाबाई हसायला गेली आणि रडली.

साळूबाईंनी भिंगातून त्याच्या डोळ्यात पाहिलं. बारीक वाहिन्यांना फुगवटे आले होते. काही झिरपत होत्या.

"बास झाला मध," त्या म्हणाल्या. "आता रोज औषध, आणि वडाला शंभर फेऱ्या."

कणाजी चालला. धापा टाकत, कुरकुरत, पण चालला. दाणाबाईही सोबतीला निघाली. हळूहळू झिरपणं थांबलं, आणि एका सकाळी त्याला बायकोच्या मिशा पुन्हा एकेक करून दिसल्या.

सभेत साळूबाईंनी अहवाल वाचला. झिपरोजींनी टाळ्या पिटल्या. "म्हणजे उपाय सापडला! उगाच घाबरवत होता."

"अहो, पण तो उपाय तुम्ही करायचाय."

"चालायचंच ना? कणाजीला सवय आहे. माझ्या वाटचंही तोच चालेल."

सत्काराला मधाचं पोळं आणलं होतं. कणाजीनं पथ्य सांगून हात जोडले. मग त्याच्या वतीनं झिपरोजींनीच ते खाल्लं.

तेव्हापासून कणाजी रोज एकटाच दोघांच्या वाटचं चालतो. तब्येत ठणठणीत. झिपरोजी सुजलेला पाय उशीवर ठेवून कौतुकानं बघत बसतात.

परवा साळूबाईंनी विचारलं, "डोळे काय म्हणतायत?"

"झकास!" झिपरोजी म्हणाले. "हल्ली माझ्यासाठी दोन-दोन उंदीर चालताना दिसतात."

तात्पर्य: मधुमेहात रोज चालणं फार महत्त्वाचं आहे. म्हणून त्या कामावर एखादा चपळ उंदीर वेळीच नेमावा.