नवस माझा, अंजीर यांचे

लेकीचं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून काकू देवासमोर हात जोडून उभ्या राहिल्या आणि तिथेच अडल्या. नवसाला काहीतरी आवडतं सोडावं लागतं. चहा सोडला, तर डोकं दुखून घरादाराचे हाल. गोड सोडावं, तर ते डॉक्टरांनी आधीच सोडायला लावलेलं. डॉक्टरांनी काढून घेतलेलं देवाला देणं म्हणजे शुद्ध फसवणूक!

"यांना अंजिरं फार आवडतात," काकू घाईघाईने पुटपुटल्या. "लेक सुटेपर्यंत हे अंजीर खाणार नाहीत."

(देवाने हरकत घेतली नाही. यांना विचारलंच नव्हतं. नवस फळेपर्यंत बोलून दाखवायचा नसतो.)

अंजिरांचे दिवस ते किती! शाळेच्या मैदानावर रविवारी शेतकऱ्यांचा बाजार भरायचा. पहिल्या रविवारी काकू म्हणाल्या, "कच्ची आहेत." दुसऱ्या रविवारी त्यांनी काकांना कोबीच्या रांगेत गुंतवून ठेवलं. तिसऱ्या रविवारी मात्र अंजीरवाल्या मावशींनीच हाक मारली, "काका, यंदाची शेवटची पाटी! चाखून तर बघा."

काकांनी अंजीर तोंडाशी नेलं. काकूंनी ते झडप घालून हिसकावलं आणि आता टाकायचं कुठे ते न सुचल्याने स्वतःच्याच तोंडात टाकलं.

"अगं!"

"किडकं होतं," काकू म्हणाल्या.

"किडकं होतं आणि गिळलंत?" मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माझ्या बागेत कीड? थांबा." त्यांनी दुसरं अंजीर चिरून काकांपुढे धरलं. काकूंनी तेही खाल्लं. तिसरंही. माणसं जमू लागली.

"काका, घरी जेवायला तरी मिळतं ना?" पलीकडून पालेभाजीवाला ओरडला.

मावशींचा चेहरा पडला. "ताई, सगळ्यांसमोर माझ्या मालाला नाव ठेवलंत हो."

ते मात्र काकूंना सोसेना. "माल सोन्यासारखा आहे, बाई. मीच खोटं बोलले." आणि डोळे पुसत त्यांनी नवस सांगून टाकला.

"नवस तुझा आणि तोंड माझं बंद?" काका थक्क झाले. "स्वतःच्या आवडीचं सोडायचंस ना!"

"चहा-गोडाखेरीज आठवलंच नाही हो काही."

काका तिची आवड सांगायला गेले. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनाही काही आठवेना. खाली मान घालून ते म्हणाले, "थांबतो मी. लेक सुटेपर्यंत."

मावशींनी नाक ओढत उरलेली सगळी अंजिरं त्यांच्या पिशवीत घातली. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. जावई होता. "मुलगी झाली! दोघीही छान आहेत."

काकूंनी बाजारातच हात जोडले. पालेभाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी पिशवीत खोचली, मावशींनी काकूंना मिठी मारली. एवढी परकी माणसं आपल्या नातीसाठी हसताहेत हे पाहून काकूंना भरून आलं. काकांनी डोळे मिटून अंजीर तोंडाशी नेलं.

ते हातातून गायब झालं.

"आता गं काय?"

"काही नाही," काकू लाजून चघळत म्हणाल्या. "मला काय आवडतं ते आज कळलं."

आणि लगेच दचकून त्यांनी वर पाहिलं. देवाने एवढं एक वाक्य ऐकलेलं नसावं, अशी त्यांनी मनापासून प्रार्थना केली.