खानोलकरांची फळी

आमच्या बदलापुरात काहीही नवं झालं, की खानोलकर विचारतात, "याचं मूळ काय?" आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देतात, "फळी!"

खानोलकर आमच्या खालच्या मजल्यावरचे. अंबरनाथच्या कारखान्यात फोरमन होते. आम्ही राहायला आलो त्याच्या महिनाभर आधी त्यांची बायको गेली होती आणि त्यांनी बिल्डिंगमागच्या नाल्यावर एक जाडजूड सागवानी फळी टाकली होती. स्टेशनचा वळसा वाचला. लोक तिथून जाऊ लागले, म्हणून सोनिवलीची एक भाजीवाली पलीकडे बसू लागली. मग चहाची टपरी आली, टपरीपाशी शेअर रिक्षा थांबू लागल्या. रिक्षा मिळते म्हटल्यावर उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या एका शेठने गाळा घेऊन जीन्सची शिलाई सुरू केली. माझ्या बायकोला तिथे काम लागलं. पहिल्या दिवशी ती डबा घेऊन निघाली, तर हे जिन्यात उभे. "वहिनी, मूळ विसरू नका हं!"

शेठलाही त्यांनी सोडलं नाही. तो वैतागला. "अरे साईं, गाला मेरा, मशीन मेरी, और क्रेडिट लकड़ी को?"

"अर्थात!" खानोलकर म्हणाले.

फळीच्या चारही कोपऱ्यांना भोकं होती. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पाणी निचरायला. डिझाइन आहे ते." हे सगळं दारात उभ्याउभ्या. घरात ते कुणाला बोलावत नसत.

पुढे नाल्यावर सिमेंटचा पूल झाला. आता हे पुलावर स्वतःचं नाव मागणार, म्हणून आम्ही हसत होतो. पण मजूर फळी सरपणाला फोडायला निघाले, तेव्हा खानोलकर तिच्यावर जाऊन बसले ते उठेचनात. शेवटी एक टोक मी धरलं, एक त्यांनी, आणि फळी घरी आणली.

पहिल्यांदाच त्यांच्या हॉलमध्ये गेलो. छताला चार कड्या होत्या.

"ही गेल्यावर रिकामा झोपाळा हलायचा," ते म्हणाले. "बघवेना मला."

इतकी वर्षं केलेल्या थट्टेची मला लाज वाटली. माळ्यावरच्या साखळ्या काढून आम्ही झोपाळा टांगला. ते एका कडेला बसले. मी शेजारी टेकायला गेलो, तर त्यांचा हात आडवा आला. "तिथे नको."

मी उभाच राहिलो. जरा वेळाने त्यांनीच हात बाजूला घेतला.

"बसा हो. सगळं बदलापूर चालून गेलंय त्यावरून."